स्तनकर्करोगाचे किरणोपचार : सावळ्या त्वचेवरची न दिसणारी लाली

स्तनाच्या कर्करोगावरील किरणोपचार वेदनारहित असतात. यंत्राखाली पडून राहायचे, काही मिनिटांत उठायचे आणि घरी जायचे. बोलीभाषेत या उपचाराला 'लाईट घेणे' किंवा 'शेक घेणे' म्हणतात. त्यातील 'शेक' हा शब्द भाजण्याची भीती मनात निर्माण करतो, तरी पहिल्या आठवड्यात बहुतेक रुग्णांना काहीच जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मात्र स्तनाखालची घडी चुरचुरू लागते, काखेत ब्लाउजची शिवण टोचू लागते आणि उपचार झालेला भाग भोवतालच्या त्वचेपेक्षा वेगळा दिसू लागतो. स्तनावर किरणोपचार घेणाऱ्या दहापैकी नऊ स्त्रियांना कमीअधिक प्रमाणात हा त्रास होतो. त्याला किरणजन्य त्वचादाह असे नाव आहे.

हा दाह किती आहे हे ठरवण्याची जगभर रूढ असलेली पद्धत मुख्यतः एका चिन्हावर उभी आहे. ते चिन्ह म्हणजे त्वचेवरची लाली. गोऱ्या त्वचेवर ती दुरूनही दिसते. गव्हाळ त्वचेवर ती मंदावते आणि सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ती अनेकदा दिसतच नाही. त्वचा लाल होण्याऐवजी काळवंडते, आणि 'जरा काळी पडली आहे, होईल बरी' एवढ्यावर विषय संपतो. आत दाह तितकाच असू शकतो, कधी अधिकही. निरनिराळ्या वंशांच्या आणि वर्णांच्या स्त्रियांना या उपचारात त्वचेचा त्रास वेगवेगळा होतो का, या प्रश्नावर गेल्या दोन दशकांत बरेच संशोधन झाले आहे. त्यातील बहुतेक काम अमेरिकेतले असले, तरी त्याचा संबंध नाशिकच्या रुग्णालयांपर्यंत पोहोचतो.

लाली हेच मोजमाप

क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. किरणांची मात्रा मोजण्याची विश्वसनीय साधने त्यानंतर बराच काळ उपलब्ध नव्हती. त्या काळातील डॉक्टर रुग्णाच्या त्वचेलाच मापनयंत्र मानत. त्वचा जेवढ्या किरणांनी लाल होईल ती 'लालीची मात्रा', आणि उपचाराचा हिशेब तिच्या पटीत. १९२८ साली स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत रॉंटजेन हे एकक स्वीकारले गेले आणि त्वचेवरून मात्रा ठरवण्याची गरज हळूहळू संपली. आज मात्रा 'ग्रे' या एककात, संगणकाच्या साह्याने, मिलिमीटरच्या अचूकतेने आखली जाते. परिणाम मोजण्याची पद्धत मात्र बऱ्याच अंशी जुनीच राहिली.

अमेरिका व युरोपातील किरणोपचार संशोधन गटांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या श्रेणीपद्धतीत पहिली पायरी म्हणजे फिकट लाली किंवा कोरडे पापुद्रे. ठळक लाली, मध्यम सूज आणि ठिकठिकाणी त्वचा ओलसर सोलवटणे ही दुसरी. घड्यांच्या बाहेरही सलग ओलसर सोलवटणे ही तिसरी, तर व्रण पडणे वा रक्तस्राव होणे ही चौथी. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची सूची आज अधिक प्रचलित आहे व तिची पाचवी आवृत्ती २०१७ ची आहे. तिच्यातही आरंभीच्या पायऱ्या लालीवरच बेतलेल्या आहेत. त्वचा काळवंडणे हा या सूचीत स्वतंत्र मुद्दा असून दाहाची श्रेणी ठरवताना तो धरला जात नाही. म्हणजे ज्या स्त्रीची त्वचा लाल न होता काळी पडते, तिचा दाह पहिल्या पायरीवरच अडकून राहण्याची शक्यता या मोजपट्टीतच आहे.

रंगावरून किरणांचा चुकीचा हिशेब करण्याचा याहून गंभीर प्रकारही घडून गेला आहे. कृष्णवर्णीयांची हाडे अधिक घट्ट आणि स्नायू अधिक जाड असतात, म्हणून त्यांच्या क्ष-किरण तपासणीला जास्त मात्रा लागते, असा समज अमेरिकेतील तंत्रज्ञांमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पसरलेला होता. १९६८ साली अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर ग्राहक हक्क कार्यकर्ते राल्फ नादर यांनी हा प्रकार मांडला, तेव्हा मोठी खळबळ उडाली. त्याच वर्षी किरणोत्सर्गापासून संरक्षणाचा कायदा तेथे संमत झाला. त्या समजाला शास्त्रीय आधार नव्हता.

करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या ऑक्सिमीटरचे उदाहरण अनेकांच्या परिचयाचे असेल. बोटाला लावायचे हे यंत्र प्रकाशाच्या आधारे रक्तातील प्राणवायू मोजते. कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये प्राणवायूची घट त्याच्या नजरेतून सुटण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट असल्याचे २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले. किरणोपचाराच्या कक्षात ऑक्सिमीटरच्या जागी डॉक्टरांचा डोळा असतो, एवढाच फरक.

त्वचेत नेमके काय घडते

त्वचेचा बाह्यस्तर सतत नवा होत असतो. त्याच्या तळाशी असलेल्या पेशी विभागतात, वर सरकतात आणि सुमारे चार आठवड्यांत झडून जातात. किरणांचा घाव याच तळाच्या पेशींवर बसतो. वरच्या जुन्या पेशी झडत राहतात, खालून नव्या येण्याचा वेग मंदावतो आणि त्वचा विरळ होत जाते. पुरवठा कमी पडला की कोरडे पापुद्रे सुटतात. तो जवळजवळ थांबला की आतला ओला थर उघडा पडतो. हेच ओलसर सोलवटणे. हे सारे घडायला वेळ लागतो, म्हणून त्रास उशिरा सुरू होतो आणि उपचार संपल्यानंतर एक-दोन आठवड्यांनी कळसाला पोहोचतो. 'शेवटचे सिटिंग झाले, आता सुटका' असे वाटत असतानाच त्वचा सर्वांत वाईट दिसू लागते. रुग्णालयाची रोजची फेरी तेव्हा संपलेली असते. नाशिकमध्ये उपचार घेऊन सुरगाणा, पेठ किंवा साक्रीकडे परतलेल्या स्त्रीला नेमका याच दिवसांत विचारणारे कोणी जवळ नसते.

काळ्या त्वचेला किरण 'बाधत नाहीत' हा समज जुना आहे आणि तो उन्हाच्या अनुभवावरून आला आहे. मेलॅनिन हे रंगद्रव्य सूर्यातील अतिनील किरण शोषून घेते, म्हणून सावळी त्वचा उन्हात कमी भाजते हे खरे. रंग तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशींनी बनवलेल्या रंगकणांच्या आकारात आणि ते कण किती पसरले आहेत यात. परंतु कर्करोगावर वापरल्या जाणाऱ्या क्ष-किरणांची ऊर्जा अतिनील किरणांच्या कितीतरी पट असते. लिनिअर ॲक्सिलरेटरवरील सहा मेगाव्होल्टचे किरण तर त्वचा ओलांडून सुमारे दीड सेंटिमीटर आत गेल्यावर सर्वाधिक मात्रा देतात. जुन्या कोबाल्ट यंत्राच्या किरणांची सर्वाधिक मात्रा अवघ्या अर्ध्या सेंटिमीटरवर असते, म्हणून त्यात त्वचेला अधिक सोसावे लागते. या किरणांना अडवणे मेलॅनिनच्या आवाक्याबाहेरचे आहे.

दाह झाला की रंगपेशी उत्तेजित होतात आणि अधिक रंग तयार करतात. मुरूम बरा झाल्यावर मागे काळा डाग राहतो, त्यातलाच हा प्रकार. त्वचा मुळात जितकी सावळी, तितके हे काळवंडणे ठळक असते. म्हणूनच काळवंडणे हा केवळ रंगाचा बदल मानून चालत नाही. खाली दाह होऊन गेला, किंवा चालू आहे, याची ती खूण असते.

अभ्यासांतून काय दिसले

अमेरिकेतील रॉचेस्टर येथील संशोधकांनी २००७ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर' या नियतकालिकात ६५६ कर्करुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांनी स्वतः सांगितलेला त्वचेचा त्रास त्यात मोजला होता. किरणोपचार घेतलेल्यांपैकी कृष्णवर्णीय रुग्णांनी गोऱ्या रुग्णांपेक्षा तीव्र त्रास नोंदवला. त्रास होईल अशी मनाची तयारी आधीपासून होती का, हेही तपासले होते. त्या अपेक्षेने फरकाचा उलगडा झाला नाही. मायामी विद्यापीठातील चमूने २०१४ मध्ये, स्तन पूर्ण काढल्यानंतर किरणोपचार घेणाऱ्या ११० स्त्रियांच्या पाहणीत, कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ओलसर सोलवटण्याचे प्रमाण अधिक असल्याचे नोंदवले.

या सर्वांत बोलके काम मिशिगन राज्यातले आहे. तेथील २९ केंद्रांनी मिळून स्तनाच्या किरणोपचाराची एक मोठी नोंदवही ठेवली. रेश्मा जगसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये तीतील जवळपास दहा हजार स्त्रियांची माहिती तपासली. एकाच आठवड्यात रुग्णाने काय सांगितले आणि डॉक्टरांनी काय लिहिले, हे त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मध्यम किंवा तीव्र वेदना होत असल्याचे स्त्रीने सांगितले, त्यांपैकी सुमारे ३१ टक्के प्रसंगी डॉक्टरांनी ती वेदना नसल्याचे किंवा किरकोळ असल्याचे नोंदवले होते. खाजेच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ३७ टक्के, तर सुजेच्या बाबतीत निम्म्याहून थोडे अधिक होते. ही दुर्लक्षित राहण्याची शक्यता तरुण स्त्रियांमध्ये आणि कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये अधिक होती.

या निष्कर्षातला एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. वेदना आणि खाज यांना रंग नसतो. त्या नजरेस न पडण्याचा दोष त्वचेच्या वर्णावर ढकलता येत नाही. कोणाचे सांगणे किती गांभीर्याने घेतले जाते, याच्याशी त्याचा अधिक संबंध आहे.

वंश की आणखी काही?

अमेरिकी अभ्यासांतील 'कृष्णवर्णीय' आणि 'श्वेतवर्णीय' हे गट जैविक कमी आणि सामाजिक अधिक आहेत. तेथे कृष्णवर्णीय स्त्रियांचे वजन सरासरीने अधिक आढळते, आणि स्थूलता व मोठा स्तन हे त्वचादाहाचे सर्वांत भक्कम ज्ञात धोके आहेत. मोठ्या स्तनात किरणांची मात्रा सर्वत्र सारखी बसत नाही. काही भागांत ती ठरवलेल्यापेक्षा जास्त होते, आणि स्तनाखालची घडी खोल असल्याने तेथे घाम, घर्षण व किरण तिन्ही एकत्र येतात. धूम्रपान, मधुमेह, छातीच्या भिंतीवर मुद्दाम त्वचेची मात्रा वाढवण्यासाठी ठेवलेला मेणासारखा थर, कोणत्या पद्धतीने आणि किती फेऱ्यांत उपचार दिले, हे सारे हिशेबात धरावे लागते. काही अभ्यासांत हे घटक वजा केल्यावर वंशाचा वाटा घटला, काहींत तो उरला. जनुकीय कारणांचाही शोध सुरू आहे. किरणांमुळे तुटलेल्या डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या जनुकांत व्यक्तीगणिक फरक असतात. पण त्यांच्या आधारे एखाद्या समूहाची त्वचा नाजूक किंवा कणखर ठरवावी, इतका पुरावा हाती नाही.

भारतीय स्त्रिया या चित्रात बसतात कुठे? परदेशी अभ्यासांत त्या 'आशियाई' किंवा 'इतर' या रकान्यात चिनी, जपानी, फिलिपिनो स्त्रियांबरोबर एकत्र मोजल्या जातात, आणि त्या रकान्यातून नाशिकच्या रुग्णाविषयी काही कळणे कठीण आहे. त्वचेचे वर्गीकरण करायचे तर डॉक्टर बहुधा फिट्झपॅट्रिक यांची मोजपट्टी वापरतात. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ती १९७५ साली, सोरायसिसवरील प्रकाशोपचाराची मात्रा ठरवण्यासाठी आखली. मूळ मोजपट्टी गोऱ्या त्वचेपुरती होती. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा व सहावा प्रकार नंतर जोडला गेला. भारतीय त्वचा साधारणपणे तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत पसरते, तरी बहुसंख्य लोक चौथ्या-पाचव्यात येतात. 'उन्हात तुमची त्वचा भाजते की सावळते?' हा या मोजपट्टीचा मूळ प्रश्न. द्राक्षबागेत दिवसभर काम करणाऱ्या स्त्रीला तो विचारून पाहावा. मराठीत गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा अशा छटा पूर्वापार आहेत. विवाहविषयक जाहिरातींनी त्यांचा पुरेसा गैरवापर केला असला, तरी त्वचेतला बदल टिपायला त्या सहा खान्यांपेक्षा अधिक उपयोगी पडाव्यात.

नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ६१ लाखांहून अधिक, आणि तीत अनुसूचित जमातींचा वाटा चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकर या समाजांतील स्त्रिया आणि शहरातील गोऱ्या-गव्हाळ स्त्रिया एकाच प्रतीक्षालयात बसतात. मानवता कॅन्सर सेंटर, पेठ रस्त्यावरील नाम्को रुग्णालय यांसारख्या संस्थांमुळे उत्तर महाराष्ट्रातील अनेक रुग्णांची मुंबईची वारी टळली. येथील डॉक्टर आणि परिचारिका सावळी त्वचा रोज पाहतात, ही अमेरिकेच्या तुलनेत जमेची बाजू आहे. तरीही त्यांनी अभ्यासलेल्या पाठ्यपुस्तकांतील छायाचित्रे प्रामुख्याने गोऱ्या त्वचेची, आणि नोंदीचा तक्ता लालीवर बेतलेला. भारतात २०२२ मध्ये स्तनकर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिला आहे. इतक्या स्त्रियांच्या देशात त्वचादाहाची श्रेणी आयात मोजपट्टीवर ठरते.

येथे वंशापेक्षा दुसरी दरी मोठी आहे. 'मावशी, काही त्रास होतोय का?' या प्रश्नाला 'नाही, बरंय' हे उत्तर ठरलेले असते. डॉक्टर पुरुष असतील तर स्तनाखालच्या जखमेविषयी बोलण्याचा संकोच, सोबत आलेला मुलगा किंवा दीर जवळच उभा, बाहेर लांबलेली रांग आणि परतीची एसटी चुकण्याची धास्ती. त्रास सांगितला तर उपचार थांबवतील, ही भीती त्यात भर घालते. ती अगदीच निराधार नाही. त्वचा फार सोलवटली तर काही दिवस विश्रांती द्यावी लागते, आणि लांबलेला खंड कर्करोगावरील नियंत्रणाच्या दृष्टीने बरा नसतो. पण ही वेळ बहुधा लवकर न सांगितल्यामुळे येते.

सावळ्या त्वचेवर काय पाहावे

डोळ्यांपेक्षा हाताचा उपयोग येथे अधिक होतो. उपचार झालेल्या बाजूवर आणि निरोगी बाजूवर हाताची पालथी बाजू आळीपाळीने ठेवली, की उष्णतेतला फरक कळतो. दाह असेल तर ती बाजू गरम लागते. त्वचा ताणलेली, जाडसर किंवा सुजलेली वाटते. ब्रेसिअरचा किंवा ब्लाउजचा वळ नेहमीपेक्षा खोल उमटतो व लवकर जात नाही. रंग पाहायचा तो ट्यूबलाइटखाली न पाहता खिडकीजवळच्या उजेडात. सावळ्या त्वचेवरील दाह जांभळट, तांबूस-तपकिरी किंवा राखाडी छटेत दिसतो. कोरडे पापुद्रे राखेसारखे पांढुरके दिसतात आणि नुसती कोरडी त्वचा समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. ओलसर सोलवटणे मात्र कोणत्याही वर्णात लपत नाही. वरचा काळा थर निघून खाली गुलाबी, पाझरणारी त्वचा उघडी पडते. काख, स्तनाखालची घडी आणि गळ्याजवळची बाजू ही तिची पहिली ठिकाणे. उपचार सुरू होण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे एक छायाचित्र मोबाइलवर घेऊन ठेवले, तर नंतर तुलना सोपी जाते. डॉक्टरांना दाखवायलाही ते कामी येते.

खाज, चुरचुर, जळजळ आणि झोपमोड यांची तारखेनुसार साधी नोंद ठेवणे फार मोलाचे असते. मिशिगनच्या अभ्यासाने दाखवले ते हेच, की विचारल्याशिवाय आणि लिहिल्याशिवाय हा त्रास कागदावर येत नाही.

हळद, कोरफड आणि मलमे

किरणोपचार चालू असताना अंघोळ करू नये, हा जुना सल्ला आजही घरोघरी ऐकू येतो. तो आता मोडीत निघाला आहे. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुतल्यास दाह वाढत नाही, उलट कमी राहतो असे चाचण्यांतून दिसले आहे. घासणे, उटणे चोळणे आणि कडक गरम पाणी तेवढे टाळायचे. त्वचेवर आखलेल्या खुणा पुसल्या जाणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते.

हळदीची कहाणी थोडी विस्ताराने सांगायला हवी. मंगळूर येथील संशोधकांनी चंदनतेल व हळदयुक्त आयुर्वेदिक क्रीमचा प्रयोग आधी डोके व मानेच्या कर्करुग्णांवर आणि नंतर, २०१७ मध्ये, स्तनकर्करोगाच्या ४० स्त्रियांवर केला. ही क्रीम म्हणजे महाराष्ट्राच्या घराघरांत ओळखीची असलेली विको टर्मेरिक. बेबी ऑइल लावणाऱ्या गटाच्या तुलनेत क्रीम लावणाऱ्यांना त्रास उशिरा आणि सौम्य झाला. निष्कर्ष आशादायक आहे, पण अभ्यास लहान आहे. अमेरिकेत हळदीतील कुरकुमिन पोटातून देऊन पाहिले गेले. २०१३ मध्ये ३० स्त्रियांच्या चाचणीत फायदा दिसला, म्हणून ६८६ स्त्रियांची मोठी चाचणी घेतली गेली. तिचे निकाल २०१८ मध्ये आले आणि फायदा नाहीसा झाला. ३० जणींवर दिसलेले यश ६८६ जणींवर टिकले नाही, ही गोष्ट कोणत्याही घरगुती उपायाविषयी ठाम बोलण्यापूर्वी आठवावी. घरातली हळदपूड किंवा ओली हळद तर या चाचण्यांत कुठेच नव्हती. सोलवटलेल्या त्वचेवर ती लावल्यास जंतुसंसर्गाला निमंत्रण मिळू शकते आणि पिवळ्या रंगामुळे त्वचेची पाहणीही अवघड होते. कोरफडीबाबत ऑस्ट्रेलियातील २००२ च्या चाचणीने निराशा केली. तीत साधी जलयुक्त क्रीम कोरफडीच्या जेलपेक्षा सरस ठरली. फ्रान्समध्ये २००४ साली कॅलेंडुला या फुलाच्या मलमाने चांगला परिणाम दाखवला होता. त्याला इंग्रजीत झेंडूशी मिळतेजुळते नाव असल्यामुळे आपला दसऱ्याचा झेंडू वाटून लावण्याचे सल्ले फिरतात. त्या दोन निरनिराळ्या वनस्पती आहेत.

पुरावा सर्वाधिक आहे तो मोमेटासोन, बीटामेथासोन यांसारख्या स्टेरॉइडयुक्त मलमांच्या बाजूने. ती उपचाराच्या आरंभापासून लावल्यास खाज आणि दाह कमी राहतो. मात्र येथे आपल्याकडे एक धोका आहे. मोमेटासोन हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन यांच्याबरोबर मिसळून चेहरा उजळ करणाऱ्या क्रीममध्ये वर्षानुवर्षे विकले गेले, आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना घेऊन ते वापरणाऱ्यांच्या चेहऱ्याची हानी त्वचारोगतज्ज्ञांनी वारंवार नोंदवली आहे. किरणांनी काळवंडलेली छाती उजळावी म्हणून हेच मिश्रण लावणे अत्यंत घातक ठरेल. त्वचा विरळ झालेली असताना त्यातील इतर दोन घटक आग आणि जखम वाढवतात.

सिलिकॉनचा पातळ पारदर्शक पडदा त्वचेवर चिकटवून ठेवण्याचा उपाय न्यूझीलंड आणि कॅनडात यशस्वी ठरला. कॅनडातील ३७६ स्त्रियांच्या चाचणीत, जिचे निकाल २०२३ मध्ये आले, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा दाह नेहमीची काळजी घेणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के आणि पडदा लावलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के स्त्रियांत दिसला. आयात केलेला हा पडदा सर्वसामान्य रुग्णाला परवडणे अवघड आहे. त्या मानाने स्वस्त उपाय न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातून आला. तेथील माँटेफिओर रुग्णालयात ७७ रुग्णांच्या चाचणीत काहींना क्लोरहेक्सिडिनने अंग धुण्यास आणि नाकात मुपिरोसिन मलम लावण्यास सांगितले. त्या गटात ओलसर सोलवटण्याचा एकही प्रसंग आला नाही. नेहमीची काळजी घेणाऱ्यांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्याला तो त्रास झाला. त्वचेवर नांदणारे जंतू दाह वाढवतात, हा त्यामागचा विचार. दोन्ही औषधे नाशिकच्या कोणत्याही औषध दुकानात मिळतात. मात्र ती डॉक्टरांना विचारूनच वापरायची.

फेऱ्या कमी, त्रास कमी

त्वचेचा त्रास कमी करण्यात मलमांपेक्षा मोठा वाटा उपचाराच्या आखणीचा आहे. पूर्वी ५० ग्रे मात्रा २५ फेऱ्यांत, पाच आठवडे दिली जात असे. ब्रिटनमधील चाचण्यांनी ४० ग्रे १५ फेऱ्यांत तितकेच परिणामकारक असल्याचे सिद्ध केले. मिशिगनच्याच नोंदवहीतून २०१५ मध्ये पुढे आलेल्या माहितीनुसार जुन्या पद्धतीत ओलसर सोलवटण्याचे प्रमाण २८.५ टक्के, तर कमी फेऱ्यांच्या पद्धतीत ६.६ टक्के होते. रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नसल्याने ही तुलना थोड्या सावधपणे घ्यावी लागते, तथापि फरकाची दिशा इतर अभ्यासांतही तीच आहे. २०२० मध्ये ब्रिटनच्या 'फास्ट-फॉरवर्ड' चाचणीने २६ ग्रे केवळ पाच फेऱ्यांत, एका आठवड्यात देण्याचा मार्ग दाखवला. भारतात कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने याच दोन पद्धतींची तुलना करणारी 'हायपोर्ट' चाचणी हाती घेतली. सावळ्या त्वचेच्या स्त्रियांवर, भारतीय हवामानात, आठवड्याभराचा उपचार कसा वागतो याची माहिती अशाच कामातून मिळू शकते.

स्तनभर मात्रा समान बसवणारे तंत्र वापरले, तर मोठ्या स्तनाच्या स्त्रियांना विशेष लाभ होतो. कॅनडात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या तंत्राने ओलसर सोलवटण्याचे प्रमाण सुमारे ४८ वरून ३१ टक्क्यांवर आले. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे. उपचारांपूर्वीच्या भेटीत फेऱ्या किती, यंत्र कोणते आणि मात्रा कशी दिली जाणार, हे तीन प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

उपचार संपल्यानंतर सोलवटलेली त्वचा बहुधा दोन ते चार आठवड्यांत भरून येते. काळेपणा मात्र रेंगाळतो. तो काही महिन्यांत फिकटतो, सावळ्या त्वचेत वर्षभरही टिकतो आणि काहींच्या बाबतीत पूर्णपणे जात नाही. भरून आलेली त्वचा उन्हाला नाजूक असते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये शेतात वा रस्त्यावर काम करणाऱ्यांनी गळ्याकडचा भाग सुती कापडाने झाकलेला ठेवावा. बाहीत घट्ट बसणाऱ्या ब्लाउजऐवजी काही आठवडे सैल सुती पोलके बरे. जखमेतून दुर्गंधीयुक्त स्राव, ताप, कडेने पसरत जाणारी ऊब आणि दुखणे, किंवा बरी झालेली त्वचा काही महिन्यांनी पुन्हा अचानक जाड व गरम होणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता किरणोपचार विभागात दाखवावे.